समुपदेशन आणि आपली नाती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत दोन शब्द बोलण्याची संधी कार्यकारिणीने आम्हांस दिली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. चिटणीसांची अपेक्षा अशी दिसली की, आम्ही शासकीय सेवेतील आठवणी सांगाव्यात. परंतु केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याच्या आठवणी म्हणजे बहुतांशी फायलींच्या आठवणी, आणि रविवारच्या सायंकाळी त्या आपणांस ऐकविण्याइतके आम्ही निर्दय नाही. म्हणून एक निराळाच विषय घेतला आहे. तो आमच्या अभ्यासाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही साधे बी. ए., तेही इतिहास घेऊन झालेले. मानसशास्त्राशी आमचा संबंध आला तो एका कार्यालयीन आदेशामुळे. मूळचे काम सांभाळून कर्मचारी-कल्याणाचे काम पाहावे, असा तो आदेश होता. पुढे तीन शहरांत मिळून नऊ वर्षे ते काम आमच्याकडे राहिले. त्या काळात आमच्या टेबलापलीकडे बसून माणसे रडली, रागावली, कित्येकदा नुसतीच गप्प बसली. त्यांच्यापासून जे शिकलो ते, आणि एके प्रसंगी जे फार उशिरा शिकलो ते, आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'समुपदेशन' हा शब्द आज वृत्तपत्रांत, शाळांत, न्यायालयांत सर्रास आढळतो. पण तो आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी नव्हता. त्यांच्यापाशी दुसरे शब्द होते. सल्ला, मसलत, समजूत घालणे, धीर देणे, कान उघडणे, चार गोष्टी सुनावणे. हे शब्द जरा निरखून पाहावेत. त्या प्रत्येकात देणारा वर बसलेला आहे आणि घेणारा खाली. नव्या शब्दाच्याही पोटात 'उपदेश' दडून राहिला आहेच. दुःखी माणसाच्या बाजूने उभा असलेला एकच शब्दप्रयोग आम्हांस सुचतो, तो म्हणजे 'मन मोकळे करणे'. 'गाऱ्हाणे घालणे' हा आणखी एक आहे. परंतु गाऱ्हाणे घालावयाचे ते देवापुढे किंवा साहेबापुढे, म्हणजे पुन्हा वरच्यापुढेच!

आदेश निघाल्यावर आम्हांस पंधरा दिवसांच्या एका वर्गाला धाडण्यात आले. तेथे कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा परिचय झाला. त्यांचे 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' हे पुस्तक १९४२ साली प्रसिद्ध झाले आणि या क्षेत्राचे वळणच पालटले. रॉजर्स यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आलेल्या माणसाला उपदेश करू नये, त्याच्यावर निवाडा देऊ नये. त्याचे म्हणणे त्याच्याच जागी बसून समजून घ्यावे. असे स्वीकाराचे, खऱ्याखुऱ्या आस्थेचे नाते लाभले की मनुष्य आपला मार्ग आपणच शोधतो. फायलीवर 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' असे लिहिण्यात उमेद घालविलेल्या आमच्यासारख्याला हे ऐकून अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. वर्गात आम्ही एकमेकांशी लटकी संभाषणे करून ही विद्या घोटली. समोरचा म्हणाला, 'मला झोप येत नाही', की आपण म्हणावयाचे, 'तुम्हांला झोप येत नाही, आणि त्याने तुम्ही त्रासला आहात.'

या विद्येची पहिली कसोटी लागली ती आमच्याच कार्यालयातील एका दफ्तरीवर. हरियाणातील एका खेड्यातून आलेला हा उंचापुरा गडी. दारूचे प्रमाण वाढले होते, हजेरीपटावर लाल शेरे पडू लागले होते. तो आपण होऊन आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. आम्ही शिकविल्याबरहुकूम म्हणालो, "आपको लगता है कि बात अब हाथ से निकल गई है." तो म्हणाला, "जी साहब." आम्ही विचारले, "आपके मन में क्या आता है, क्या करना चाहिए?" तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "साहब, मैं तो बड़ा भाई समझकर पूछने आया था. आप तो मुझी से पूछ रहे हैं." नमस्कार करून तो गेला तो पंधरा दिवस फिरकला नाही. पुन्हा आला तेव्हा बरोबर पत्नी होती, तिचा भाऊ होता. आम्ही चहा मागविला, मेहुण्याला मधल्या खुर्चीवर बसविले आणि थोरल्या भावाने बोलावे तसे दफ्तरीला चार शब्द बोललो. मग तिघांनी मिळून, कोणत्या रुग्णालयात जावयाचे, रजा किती घ्यावयाची, पगार कोणाच्या हाती द्यावयाचा, हे ठरविले. तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला. रॉजर्सना आम्ही खोटे ठरवीत नाही. नाते हेच औषध, हे त्यांचे म्हणणे येथेही खरे ठरले. पण कोणते नाते, हे आमच्या वर्गाने गृहीत धरले होते आणि दफ्तरीने आपले आपण ठरवून आणले होते.

आपला हा अनुभव काही जगावेगळा नाही, हे मागाहून वाचनात आले. बंगळूरचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. सी. सूर्या यांनी एस. एस. जयराम यांच्यासमवेत १९६४ साली एक छोटासा निबंध लिहिला. आपल्याकडील रुग्ण मनाच्या आतील उलगड्यांपेक्षा प्रत्यक्ष आधार मागतो, वैद्याला वेळेच्या चौकटीबाहेर ओढतो, त्याला सरळ नात्यात गोवतो. आणि आधार देणाऱ्याची त्याच्या मनातील मूर्ती असते ती एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्याची, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९७३ मध्ये डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी गुरु-चेला या नात्याकडे मानसोपचाराचा एक नमुना म्हणून पाहता येईल काय, हा प्रश्न एका अमेरिकन नियतकालिकात मांडला. नेकी हे मनोविकारतज्ज्ञ, आणि त्याचबरोबर साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेले पंजाबी कवी. आपल्या या चंदीगडच्या पीजीआयचे ते संचालकही होते. पाश्चात्त्य उपचारात परावलंबन हा दोष मानला जातो. आपल्याकडे मूल वाढते तेच अवलंबून राहण्यात आणि अवलंबून राहू देण्यात. मग वैद्याने पहिल्याच भेटीत 'तुमचे तुम्ही पाहा' असे सुचविले, तर ते रुग्णास स्वातंत्र्य न वाटता दार लावून घेतल्यासारखे वाटते.

येथून अमृतसर चार-साडेचार तासांच्या वाटेवर आहे. आपण तेथे दर्शनास जातो, कुलचे खाऊन परततो. तेथील मनोरुग्णालयाची हकीकत मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातील हिंदू व शीख रुग्ण १९५० साली भारतात धाडण्यात आले आणि अमृतसरला त्यांची सोय झाली. सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेकसिंह' या कथेमागे हीच अदलाबदल आहे. त्या रुग्णालयात पन्नासच्या दशकात डॉ. विद्यासागर हे अधीक्षक होते. त्यांनी रुग्णांच्या आप्तांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहावयास लावले. आई मुलापाशी राहिली, नवरा बायकोपाशी राहिला. रुग्णाची शुश्रूषा तेच करू लागले, आणि करता करता आजार म्हणजे काय हे त्यांनाही उमगू लागले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही आप्तांसह राहण्याची पद्धत स्वीकारली. परदेशातील मोठमोठी इस्पितळे त्या काळी नातेवाइकांना दाराबाहेर ठेवीत. आपल्याकडे खाटाही अपुऱ्या होत्या आणि परिचारिकाही. तेव्हा या प्रयोगात थोडी निकड होती, थोडे शहाणपण होते. दोहोंचा वाटा किती, याचा हिशेब करीत बसण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

नात्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाषा. इंगा-ब्रिट क्राउसे या बाईंनी इंग्लंडमधील बेडफर्ड येथे राहणाऱ्या पंजाबी लोकांमध्ये फिरून एक अभ्यास केला. तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मंडळी आपली व्यथा 'दिल घिरदा है' अशा शब्दांत सांगत. हृदय खाली जाते आहे, बुडते आहे. इंग्रज डॉक्टर हृदय तपासून पाहावयाचा. परंतु त्या शब्दांत घराची अब्रू, कामाचा शीण, मनाविरुद्ध गेलेला संसार असे सारे एकवटलेले असावयाचे. आपली मराठी काय वेगळे सांगते? जीव थाऱ्यावर नाही, पोटात गोळा येतो, काळजाचे पाणी होते, कशातच जीव रमत नाही. यांतील एकही वाक्य छापील प्रश्नावलीत बसत नाही. आमच्या कार्यालयात एक मराठी लेखनिक होते. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. दोन महिन्यांनी त्यांना आम्ही येथील डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर सज्जन, आस्थेने हिंदीत विचारीत होते. आणि लेखनिक प्रत्येक प्रश्नाला 'सब ठीक है' म्हणत होते. बाहेर आल्यावर जिन्यात बसले आणि मराठीत बोलू लागले, ते पाऊण तास थांबले नाहीत. वीस वर्षे उत्तरेत काढलेला मनुष्य! त्यांना हिंदीत बाजार करता येई, दुःख करता येत नसे.

आणि या साऱ्याचा थोर दाखला आपल्या घरोघरी आहे. भगवद्गीतेकडे तत्त्वज्ञान म्हणून आपण पाहतोच. क्षणभर तिच्याकडे दोन माणसांची गाठ म्हणून पाहू या. अर्जुन आपली व्यथा शरीराच्याच भाषेत सांगतो. गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाचा दाह होतो, धनुष्य हातातून निसटते. समोरचा कोण? सखा, सारथी, शिवाय आतेमामे नात्यातला. पण केवळ सख्याचे नाते त्या क्षणी पुरत नाही. दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःच ते पालटतो. मी तुझा शिष्य आहे, निश्चित काय ते सांग, असे म्हणतो. श्रीकृष्णाचा उपदेश त्यानंतरच सुरू होतो. ज्ञानेश्वर महाराजांनी तर या नात्यातील जिव्हाळा ओवीओवीतून पाझरविला आहे. आता शेवटाकडे पाहावे. अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर, असे भगवंत म्हणतात. ज्याला गुरू मानले त्याने अधिकार हाती असूनही निर्णय शिष्याकडे परत दिला. आम्ही हा श्लोक कितीतरी वेळा म्हटला असेल. त्याचा अर्थ मात्र आम्हांस एका तरुण स्त्रीने शिकविला, आणि तोही आम्ही तिचे नुकसान केल्यानंतर.

ही हकीकत येथील नव्हे. बदल्यांच्या नोकरीत आम्ही चार मराठी मंडळांचे पाणी चाखले आहे. त्यांतील एका दूरच्या शहरातली ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि ज्यांची ही गोष्ट त्यांची अनुमती घेतली आहे. ती कशी मिळाली ते ओघाने येईल.

आम्ही त्या मंडळाचे चिटणीस होतो आणि रविवारी सकाळी वाचनालय उघडून बसत असू. एक पंचविशीतली विवाहिता पुस्तके बदलावयास येई. माहेर सातारा जिल्ह्यात. नवरा तेथल्याच एका कारखान्यात पर्यवेक्षक. कादंबऱ्या भराभर वाचीत असे. हळदीकुंकवाला येत नसे, संक्रांतीला आली नाही, गणपतीत आली ती मागे उभी राहून गेली. दोनचार महिन्यांनी ती आम्हांला 'दादा' म्हणू लागली. आम्हीही तिला एकेरीत हाक मारू लागलो. परमुलखात असे एखादे नाते जुळले की आपल्यालाच किती धन्य वाटते, हे आपण सारे जाणता.

एका रविवारी वाचनालयात दुसरे कोणी नव्हते. "दादा, एक सांगू का? कुणाला सांगणार नाही ना?" आम्ही म्हणालो, "बहिणीचं बोलणं कुणी बाहेर सांगतं का?" मग ती बोलली. नवरा मारीत नव्हता, पीतही नव्हता. तो बोलत नव्हता. आठ-आठ दिवस घरात शब्द नाही. घरखर्चाचे पैसे मोजून टेबलावर ठेवलेले. माहेरी फोन करावयाचा तो त्याच्या समोर. आणि गेले दोन महिने संध्याकाळ झाली की गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहावेसे वाटते, असे ती म्हणाली. हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. पुस्तकावर शिक्का मारून घेतला आणि गेली.

आम्ही त्या रात्री झोपलो नाही. येथवर काही चुकले असे वाटत नाही. चूक झाली ती सकाळी. तिच्या नवऱ्याचे थोरले बंधू त्याच शहरात होते; मंडळाचे जुने सभासद, भजनी मंडळाचे आधारस्तंभ, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. घरातल्या वडीलधाऱ्याने सावरावे, ही आपली रीतच. दफ्तरीचा मेहुणा मधल्या खुर्चीवर बसविल्याने जे साधले ते येथेही साधेल, अशी आमची खात्री. आम्ही त्यांच्या घरी जाऊन सर्व सांगितले. तिला न विचारता सांगितले. त्यांनी आमचे आभार मानले.

तिसऱ्या दिवशी आम्हांस बोलावणे आले. दिवाणखान्यात बंधू होते, त्यांची पत्नी होती, नवरा होता, आणि साताऱ्याहून रातोरात बोलावून आणलेले तिचे वडील होते. मुलीने घरातले बाहेर नेले, जिवाचे बरेवाईट करण्याची धमकी दिली, असा विषय होता. वडील हात जोडून म्हणत होते, पोर अजाण आहे. तिला बोलावण्यात आले. तिने सर्वांची क्षमा मागितली, वाकून नमस्कार केले, त्यांत आम्हांलाही केला. मग आत जाऊन ती चहा घेऊन आली. आम्ही तो घेतला. थोरले बंधू म्हणाले, "चिटणीससाहेबांच्या मध्यस्थीने सारे सुरळीत झाले." त्यानंतर ती वाचनालयात आली नाही. तिच्याकडची दोन पुस्तके नवऱ्याने आणून दिली.

घरी परतल्यावर आमच्या सौभाग्यवतींना सर्व सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही तिचे भाऊ झालात म्हणून तिने सांगितलं. मग भाऊ म्हणून तिच्या बाजूला बसायचं होतं. तुम्ही त्यांच्या ओळीत कसे बसलात?"

या प्रश्नावर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. जिवाला धोका असेल तर गुप्ततेचे वचन शब्दशः पाळून चालत नाही, हे खरे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा रुग्णास गुप्ततेचा हक्क देतो आणि इजा टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती उघड करण्यास अपवादही ठेवतो. परंतु कोणाला सांगावयाचे? तिलाच विचारावयास हवे होते, 'हे मला एकट्याला पेलणारे नाही, कोणाला सांगू? आईला? डॉक्टरांना?' तिच्यासह डॉक्टरांकडे जावयास हवे होते. ती तिथे आणि आम्ही तिच्या शेजारी, एवढे जरी झाले असते तरी पुष्कळ होते. आम्ही सांगितले ते ज्यांच्यामुळे ती कठड्यापाशी जाऊन पोहोचली होती त्यांनाच. दफ्तरीने मेहुण्याला स्वतः आणले होते. तिचे दीर तिने आणले नव्हते. एवढा साधा फरक आमच्या ध्यानात आला नाही, कारण आपल्या रीतीत घरचा मनुष्य म्हणजे हितकर्ता, हे आपण धरूनच चालतो.

कायदे करणाऱ्यांना मात्र हे उमगलेले दिसते. आम्ही सरकारी मनुष्य, नियमांची गोडी सुटत नाही, म्हणून सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली झाला आणि त्याखालील नियम २००६ मध्ये आले. त्या नियमांप्रमाणे, तंट्यात ज्याचा हितसंबंध आहे किंवा जो कोणत्याही पक्षाचा नातेवाईक आहे, त्याला समुपदेशक नेमता येत नाही; सर्व पक्षांनी लेखी हरकत सोडली तरच. शिवाय समुपदेशनाच्या वेळी झालेल्या हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीला वाव नाही. त्याआधी १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने न्यायालयावर तडजोडीचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य ठेवले आणि समुपदेशकांची तरतूद केली. हेतू उत्तमच होता. परंतु आपल्याकडे तडजोड याचा अर्थ बहुधा 'ती परत नांदावयास गेली' असाच घेतला जातो, आणि पुष्कळ समुपदेशक काका-मामांच्या सुरात तेच सांगत बसतात. नात्याचा ओलावा हवा, हे आम्ही पहिल्या अर्ध्या तासात सांगितले. नात्याबरोबर आपोआप चालत येणारा हुकूम नको, हे या दुसऱ्या अर्ध्या तासात सांगतो आहोत. दोन्ही एकत्र जमणे कठीण आहे, याची आम्हांस पुरी जाणीव आहे.

ते जमते, असे दाखविणारी कामे मात्र झाली आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेच्या मंडळींनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक स्त्रियांना शिकवून समुपदेशक म्हणून बसविले. त्या डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या. पण येणाऱ्या बाईच्या घरात काय शिजते आणि काय शिजत नाही, हे त्यांना ठाऊक होते. या प्रयोगाचा अहवाल २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाल्याचे दिसून आले. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तर दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकून त्यावर मोहल्ल्यातील आज्यांना बसविले. तेथील शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. म्हणजे फार विचार करणे. आपली आजी 'विचार करकरून डोकं शिणलं' म्हणे, त्याहून ते किती दूर आहे? या आज्या आज्याच राहतात, पण त्यांना एक गोष्ट शिकविलेली असते. आधी ऐकावयाचे, मग आलेल्या माणसानेच आपल्या अडचणींतून एक निवडावयाची आणि तिच्यावर दोघांनी मिळून वाट शोधावयाची. आजीला हे शिकवावे लागते, यातच सर्व आले.

आता आपल्या मंडळाविषयी बोलून आवरते घेतो. पन्नास वर्षांत या वास्तूने गणपती बसविले, नाटके केली, परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांची जेवणाची सोय केली. परक्या शहरात मराठी कानावर पडते ते येथेच. पण ज्या घरात खरोखरी काही बिघडले आहे, ते घर येथे येत नाही. किंवा येते आणि मागे उभे राहते. कारण येथे सर्वांना सर्व कळते. कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे. आठवड्यातून एक दुपार वाचनालयाशेजारची खोली उघडी ठेवावी. तेथे बसणारी व्यक्ती रीतसर शिकलेली असावी, मराठी जाणणारी असावी; पण मंडळाची सभासद नसावी, आणि आमच्यासारखा अधिकारी तर मुळीच नसावा. नोंदवहीत नाव लिहू नये. दारावर १४४१६ हा 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक लावावा. केंद्र सरकारने ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केली आहे आणि दिवसरात्र केव्हाही तेथे फोन करता येतो. एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला की, आपली मंडळी असताना बाहेरचे माणूस कशाला? त्यांना उत्तर म्हणून हे भाषण केले, असे समजण्यास हरकत नाही.

राहता राहिली ती अनुमतीची गोष्ट. त्या प्रसंगानंतर वर्षभराने ती माहेरी गेली आणि परतली नाही. आईने तिची बाजू घेतली, असे कळले. पुढे ती शिकली. आज एका गावात बालवाडी चालविते. आमच्या मनातील बोच जात नव्हती. अखेर गेल्या वर्षी पत्ता मिळवून आम्ही पत्र लिहिले. क्षमा मागितली, आणि आपले नाव-गाव न सांगता ही हकीकत मंडळापुढे सांगू का, असे विचारले. दीड महिना उत्तर आले नाही. मग एक आंतर्देशीय आले. अक्षर तेच, वाचनालयाच्या वहीत पाहिलेले. मायना 'आदरणीय साहेब' असा होता. लिहिले होते की, जरूर सांगा, आता कोणी मला चहा करावयास लावीत नाही. या वेळी आधी विचारलेत, हे बरे केलेत. खाली एक ओळ आणखी होती. त्या दोन पुस्तकांतले एक अर्धेच वाचून झाले होते, ते अजून मिळते का?

पुस्तक छपाईत नव्हते. पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक प्रत मिळाली, ती पाठविली आहे. पोच अद्याप आलेली नाही.